संगणक वगळतो त्या ओळी

काही वर्षांपूर्वी एका शाळेत प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीच्या विद्यार्थ्यांना दिलेला प्रश्न सोपा होता. एखादे वर्ष लीप वर्ष आहे की नाही, हे ठरवणारी आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, लिहायचा. एका मुलाने आज्ञावली नीट लिहिली होती आणि ती चालतही होती. शिवाय जवळजवळ प्रत्येक ओळीशेजारी त्याने टीप लिहिली होती. ‘येथे वर्ष वाचून घेतले’, ‘येथे चारने भागले’, ‘येथे उत्तर छापले’. टिपांना पाच गुण होते, त्यामुळे त्याने शक्यतो एकही ओळ सोडली नव्हती. सुटली होती ती एकच. वर्षाला १०० ने भाग जातो का, आणि जात असेल तर ४०० नेही जातो का, हे ज्या ओळीत तपासले होते, तिच्याशेजारची जागा कोरी होती.

“इथं का नाही काही लिहिलंस?” मी विचारले.

“तिथं काय लिहायचं ते कळलं नाही, सर,” तो म्हणाला. “तसं का करतात ते पुस्तकात नव्हतं.”

त्या मुलाने नकळत नेमक्या ठिकाणी बोट ठेवले होते. जिथे टिपेची गरज नव्हती तिथे त्याच्याकडे लिहायला भरपूर होते, आणि जिथे खरी गरज होती तिथे काहीच नव्हते. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून ‘टिपा लिहा’ असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, त्यांना गुणही देतो. पण टीप कशासाठी लिहायची, हे क्वचितच सांगतो. संगणकाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. तो इतिहास मोठा रंजक आहे, आणि एके ठिकाणी तर तो अतिशय महागही पडलेला आहे.

टीप म्हणजे काय?

ज्या शिक्षकांचा संगणकाशी फारसा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आज्ञावली म्हणजे संगणकाने क्रमाने पाळायच्या सूचनांची यादी. या यादीत मधूनमधून अशा ओळी घालता येतात, की ज्या संगणक मुळीच पाळत नाही, पाहूनही न पाहिल्यासारखे करतो. अशा ओळीला इंग्रजीत कॉमेंट म्हणतात. आपण तिला टीप म्हणू. ही ओळ टीप आहे हे ओळखण्यासाठी प्रत्येक भाषेत एक खूण ठरलेली असते. बेसिकमध्ये ‘रेम’ हा शब्द, सी भाषेत /* आणि */ या खुणांची जोडी, पायथनमध्ये # ही खूण. खूण दिसली की संगणक पुढचा मजकूर वगळतो.

मग संगणक वाचतच नाही ते लिहायचे कशाला? उत्तर उघड आहे. आज्ञावलीला वाचक दोन असतात, एक यंत्र आणि दुसरा माणूस. आज ना उद्या कोणाला तरी ती दुरुस्त करावी लागते, वाढवावी लागते, दुसऱ्या कामासाठी वापरावी लागते. तो माणूस बहुधा मूळ लेखक नसतो. आणि असलाच, तरी सहा महिन्यांपूर्वी आपण असे का लिहिले, हे त्याला आठवेलच असे नाही.

सूत्र आणि उपपत्ती

ही अडचण आपल्या परंपरेला नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. तिच्यातील गणिताचे नियम श्लोकांत आहेत, त्यामुळे ते आटोपशीर आहेत आणि पाठ करायला सोपे आहेत. अमुक संख्येला तमुकने गुणा, त्यातून हे वजा करा, वर्गमूळ काढा, असे त्यांचे स्वरूप असते. एका अर्थी त्या आज्ञावल्याच आहेत. पण असे केल्याने उत्तर बरोबर का येते, हे श्लोकात मावत नाही. पुढे कोकणातील नांदगावचे ज्योतिषी गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. तिचे मोठे वैशिष्ट्य असे, की तिच्यात नियमांच्या उपपत्ती दिल्या आहेत. नियम ‘काय करायचे’ ते सांगतो, उपपत्ती ‘का’ ते सांगते.

हे दोन शब्द, नियम आणि उपपत्ती, आपण ध्यानात ठेवू. पुढची सारी कहाणी त्यांच्यातील अंतराची आहे.

न बांधलेल्या यंत्रासाठी

इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी ‘ॲनॅलिटिकल एंजिन’ या यंत्राची कल्पना मांडली होती. दातेरी चाकांवर चालणारे आणि छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवरून सूचना घेणारे हे यंत्र प्रत्यक्षात कधीच पूर्ण झाले नाही. इटलीतील एक अभियंता लुइजी मेनाब्रेआ यांनी त्यावर फ्रेंच भाषेत लेख लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर एडा लव्हलेस या विदुषीने केले आणि ते १८४३ साली प्रसिद्ध झाले. भाषांतराला त्यांनी स्वतःच्या टिपा जोडल्या. ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंतच्या या सात टिपा मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट भरल्या! आज मूळ लेख फारसा कोणी वाचत नाही, टिपा मात्र जगभर प्रसिद्ध आहेत.

शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याची रीत एका मोठ्या तक्त्यात दिली आहे. त्यात २५ पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीत कोणती क्रिया करायची, कोणत्या चलांवर करायची आणि उत्तर कोठे ठेवायचे, यासाठी रकाने आहेत. त्याशिवाय आणखी एक रकाना आहे. या पायरीनंतर मिळणाऱ्या उत्तराचा बीजगणितातील अर्थ काय, हे त्यात लिहिले आहे. यंत्राला या रकान्याचा काहीच उपयोग नव्हता. तो वाचणाऱ्या माणसासाठी होता.

या रकान्याचा उपयोग किती, ते पाहण्यासारखे आहे. चौथ्या पायरीत एक चूक राहून गेली आहे. तेथे पाचव्या चलाला चौथ्याने भागा असे छापले आहे. वास्तविक चौथ्याला पाचव्याने भागायला हवे. ही चूक लेखिकेची की छापखान्याची, हा प्रश्न बाजूला ठेवू. ती चूक आहे हे आपल्याला कळते कसे? त्याच ओळीत अर्थाच्या रकान्यात अपूर्णांक सुलट, म्हणजे बरोबर लिहिलेला आहे म्हणून. सूचना एक सांगते आणि अर्थ दुसरे सांगतो, तेव्हा वाचक थांबतो आणि तपासून पाहतो. तो रकाना नसता तर चूक शोधायला सारे गणित पहिल्यापासून करून पाहावे लागले असते.

हातचा लिहून ठेवा

यानंतर शंभर वर्षांनी विजेवर चालणारे खरे संगणक आले. अमेरिकेत हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४७-४८ मध्ये आज्ञावली कशी आखावी यावर अहवाल लिहिले. कामाचा ओघ दाखवणाऱ्या आकृत्या त्यांत आहेत. या आकृत्यांत क्रियांच्या चौकटींबरोबर आणखी एका प्रकारच्या चौकटी आहेत. त्या काहीही करत नाहीत. ‘या ठिकाणी पोचल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे’ एवढेच त्या सांगतात.

जून १९४९ मध्ये केंब्रिज येथे भरलेल्या परिषदेत ॲलन ट्युरिंग यांनी एक छोटा निबंध वाचला. विषय होता, मोठी आज्ञावली बरोबर आहे हे तपासायचे कसे? त्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण प्राथमिक शाळेतील शिक्षकालाही आपलेसे वाटावे असे आहे. ते म्हणजे उभ्या बेरजेचे.

समजा ४७८, ३५६ आणि २८९ यांची बेरीज मुलाने ११२३ अशी लिहून आणली. हातचे लिहिलेले नसतील तर ती तपासण्यासाठी शिक्षकाला सगळी बेरीज उजवीकडून डावीकडे पुन्हा करावी लागते. पण मुलाने दशकावर हातचे २ आणि शतकावर हातचे २ असे लिहून ठेवले असेल, तर प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे तपासता येतो. एककाचे ८, ६ आणि ९ मिळून २३. दशकाचे ७, ५, ८ आणि हातचे २ मिळून २२. शतकाचे ४, ३, २ आणि हातचे २ मिळून ११. तीन रकाने तीन मुलांना वाटून दिले तरी चालते, कोणीही कोणासाठी थांबायला नको. ट्युरिंग यांचे म्हणणे असे होते, की आज्ञावली लिहिणाराने असेच ‘हातचे’ लिहून ठेवावेत. ठरावीक ठिकाणी कोणती विधाने खरी असतील ते सांगावे, म्हणजे तपासणाराला लहान लहान तुकडे तपासून संपूर्ण आज्ञावलीची खात्री करून घेता येईल.

हातचा उत्तराचा भाग नसतो, पण तो लिहिला की उत्तर कसे आले ते दिसते. चांगली टीपही नेमके हेच काम करते.

पहिल्या रकान्यातील ‘सी’

आज्ञावलीच्या आतच टीप लिहिण्याची सोय सर्वदूर पोचली ती फोरट्रान भाषेमुळे. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ही भाषा १९५७ साली वापरात आली. तेव्हा आज्ञावली पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रे पाडून लिहीत. एका कार्डावर ८० रकाने आणि एका कार्डावर एक ओळ. पहिल्या पाच रकान्यांत ओळीचा क्रमांक घालता येई, आज्ञा ७ ते ७२ या रकान्यांत असे. पहिल्याच रकान्यात ‘सी’ हे अक्षर असेल तर ते कार्ड टिपेचे समजले जाई. आज्ञावलीच्या छापील यादीत ते दिसे, पण यंत्राच्या भाषेत रूपांतर करताना ते बाजूला ठेवले जाई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्या काळात आज्ञावली लिहायला शिकलेल्या आपल्याकडील ज्येष्ठ शास्त्रज्ञांना ही कार्डांची चळत आणि तो पहिला रकाना चांगलाच परिचयाचा आहे.

याच सुमारास दुसरा एक विचार पुढे आला. आज्ञावलीच साध्या इंग्रजी वाक्यांसारखी लिहिली, तर वेगळ्या टिपांची गरजच काय? अमेरिकेतील ग्रेस हॉपर यांनी व्यापारी कामासाठी या दिशेने भाषा तयार केली आणि तिच्या प्रभावातून १९६० च्या सुमारास कोबोल ही भाषा आली. ‘एवढ्यातून एवढे वजा करून उरलेले तेथे ठेव’ अशी वाक्ये कोबोलमध्ये खरोखरच लिहिता येतात. तरीही कोबोलमध्ये पहिल्यापासून ‘नोट’ या शब्दाने सुरू होणाऱ्या टिपेची सोय ठेवावीच लागली. कारण वजाबाकी कितीही स्वच्छ इंग्रजीत लिहिली, तरी ती का करायची, हे त्या वाक्यात येत नाही. पगारातून अमुक टक्के कापले हे दिसते. ते कोणत्या नियमानुसार कापले, हे दिसत नाही.

‘रेम’ आणि जागेची टंचाई

१ मे १९६४ रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात बेसिक या भाषेतील आज्ञावली पहिल्यांदा चालवली गेली. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ती मुद्दाम नवशिक्यांसाठी तयार केली होती. शास्त्रशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू. त्यामुळे मोजक्याच आज्ञा होत्या, पण त्या मोजक्यांतही टिपेसाठी ‘रेम’ होती. नवशिक्यालाही टीप लिहिता आली पाहिजे, असे या शिक्षकांना वाटले, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

पुढे बेसिक घरगुती आणि शालेय संगणकांवर आली, तेव्हा मात्र ‘रेम’चे दिवस वाईट होते. आपल्याकडे १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या केंद्र सरकारच्या प्रकल्पातून अनेक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यांच्या ‘बी’ नमुन्याची स्मृती होती ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही. पडद्यावर चित्र काढायचे तर त्यातलाही मोठा वाटा त्यासाठी जाई. अशा संगणकांत आज्ञावली आहे तशी स्मृतीत ठेवली जाई आणि ओळीओळीने वाचून पाळली जाई. म्हणजे ‘रेम’ची ओळ काही काम करत नसली तरी जागा अडवत असे आणि थोडा वेळही खात असे. जागा संपली की पहिली कुऱ्हाड टिपांवर पडे. ती सवय काहींच्या हाडीमाशी खिळली. जागेची टंचाई केव्हाच संपली, पण ‘टीप म्हणजे वायफळ’ ही समजूत मागे राहिली.

दुसऱ्या टोकाची समजूतही तितकीच घातक आहे. प्रत्येक ओळीला टीप हवीच, असा काही ठिकाणी नियम असतो. मग ‘एक मिळव’ या आज्ञेशेजारी ‘एक मिळवला’ अशी टीप येते. ब्रायन कर्निघन आणि पी. जे. प्लॉगर यांनी १९७४ साली आज्ञावलीच्या लेखनशैलीवर एक छोटे पुस्तक लिहिले. आज्ञेचाच प्रतिध्वनी असलेली टीप निरुपयोगी असते, आणि वाईट आज्ञावलीला टिपांचे ठिगळ लावण्यापेक्षा ती नव्याने लिहावी, असा सल्ला त्यांनी तेव्हाच दिला होता.

न समजणारी टीप आणि समजावणारे पुस्तक

युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाली. तिच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीत एक टीप आहे. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळताना संगणक काय करतो, याबद्दलचा तो अवघड भाग आहे. तेथे थोडेसे स्पष्टीकरण दिल्यावर लेखकाने वाचकाला सांगून टाकले आहे, की हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही! पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ही टीप वाचून हसले आणि थोडे घाबरलेही. तिचा सूर उद्धटपणाचा नव्हता, ‘हे परीक्षेला नाही’ असे शिक्षक म्हणतात तसा होता, असा खुलासा डेनिस रिची यांनी पुढे केला. मात्र त्याच खुलाशात त्यांनी एक कबुलीही दिली. तेथे नेमके काय घडते आहे ते आम्हालाही नीट उमगलेले नव्हते, असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले. त्या भागाची रचनाच सदोष होती आणि पुढे ती बदलावी लागली. जी गोष्ट आपल्याला सोप्या शब्दांत समजावता येत नाही, ती आपल्यालाच पुरती समजलेली नसते, हा वर्गातील अनुभव येथेही खरा ठरला.

ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी मात्र ही आज्ञावली आपल्या विद्यार्थ्यांना समजावून देण्याचे ठरवले. सुमारे ९ हजार ओळींची ती आज्ञावली त्यांनी एका पुस्तिकेत छापली आणि दुसऱ्या पुस्तिकेत तिच्यावर भाष्य लिहिले. वर्ष होते १९७७. पुढे मूळ कंपनीच्या परवान्याच्या अटींमुळे हे भाष्य वर्गात वापरता येईना. तेव्हा जगभरच्या विद्यार्थ्यांनी झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून ते वाचले. रीतसर पुस्तकरूपाने ते सर्वांना मिळू लागले ते १९९६ साली. आज्ञावलीइतकीच तिच्यावरील भाष्याचीही माणसाला किती भूक असते, हे यातून दिसते.

डोनाल्ड नुथ यांनी तर याच्याही पुढचे पाऊल टाकले. आज्ञावली हा माणसाने माणसासाठी लिहिलेला निबंध असावा आणि यंत्रासाठीच्या आज्ञा त्यात योग्य जागी गुंफाव्यात, ही कल्पना त्यांनी १९८४ साली मांडली. छपाईसाठीची आपली ‘टेक’ ही प्रसिद्ध प्रणाली त्यांनी अशाच रीतीने लिहिली आणि १९८६ साली ती संपूर्ण आज्ञावली पुस्तक म्हणून छापली.

३७ सेकंद

लायन्स यांचे भाष्य ज्या वर्षी बाजारात आले, त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना येथे एक मोठा अपघात झाला. ४ जून १९९६ रोजी कुरू येथील तळावरून युरोपच्या एरियान ५ या नव्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करणारे ‘क्लस्टर’ मालिकेतील चार उपग्रह त्यावर होते. मुख्य इंजिन पेटवल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी अग्निबाणाला आपल्या दिशेची खबर मिळेनाशी झाली. तो एकाएकी कलला, हवेच्या दाबाने मोडू लागला आणि साडेतीन किलोमीटरहून थोड्या अधिक उंचीवर त्याच्यातील स्वनाश-यंत्रणेने त्याचा स्फोट घडवला. अनेक वर्षांचे काम क्षणात राख झाले.

चौकशी मंडळाचे अध्यक्ष होते फ्रेंच गणिती झाक-लुई लिओन्स. (ऑस्ट्रेलियातील लायन्स आणि हे लिओन्स यांचा संबंध नाही, रोमन लिपीत आडनाव मात्र एकच.) मंडळाने जुलैमध्ये अहवाल दिला. चूक आज्ञावलीत होती, आणि ती समजायला आठवी-नववीचे गणित पुरते.

अग्निबाणाची दिशा आणि गती सांगणाऱ्या उपकरणात, आडव्या दिशेच्या वेगाशी संबंधित एका राशीचे ६४ बिटांच्या दशांश संख्येतून १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर होत असे. १६ बिटांत मावणारा मोठ्यात मोठा पूर्णांक ३२,७६७. राशी त्याहून मोठी झाली, रूपांतर फसले, आणि उपकरण बंद पडले. राखीव उपकरणही होते. पण त्यातही हीच आज्ञावली होती, त्यामुळे तेही त्याच कारणाने आधीच बंद पडलेले होते. बंद पडताना उपकरणाने पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वापरली आणि इंजिनाच्या तोट्या पूर्ण वळवल्या.

अशी चूक आधी कोणाच्या लक्षात आली नव्हती काय? आली होती! ही आज्ञावली आधीच्या एरियान ४ साठी लिहिलेली होती. तेव्हा अशा सात राशी धोक्याच्या आहेत, हे तपासून पाहिले होते. पण उपकरणाच्या संगणकावर ८० टक्क्यांहून अधिक ताण पडू द्यायचा नव्हता, म्हणून चारच राशींना संरक्षण दिले आणि तिघींना दिले नाही. त्या तीन राशी एवढ्या मोठ्या होऊच शकत नाहीत, असा त्यामागचा विचार होता. एरियान ४ च्या बाबतीत तो बरोबरही होता. एरियान ५ चा आडवा वेग मात्र उड्डाणानंतर पाचपट झपाट्याने वाढत असे. कहर म्हणजे ज्या गणितासाठी ही राशी लागत असे, त्याचा अग्निबाण उडाल्यावर एरियान ५ ला काहीच उपयोग नव्हता. एरियान ४ च्या सोयीसाठी ते उड्डाणानंतरही काही काळ चालू ठेवलेले होते, ते तसेच राहून गेले.

आता आपल्या विषयाशी संबंधित भाग. त्या तीन राशींना संरक्षण का दिले नाही, याचे कारण आज्ञावलीत कोठेही सापडले नाही, असे चौकशी मंडळाने नोंदवले आहे. कारण ठरले होते, संबंधितांनी मान्यही केले होते, पण ते कागदपत्रांच्या ढिगात गडप झाले होते. ‘असे करा’ हा नियम नव्या अग्निबाणापर्यंत पोचला. ‘आडवा वेग लहान असतो, म्हणून’ ही उपपत्ती मागेच राहिली.

एक टीप असती तर अपघात टळला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. नव्या अग्निबाणाच्या खऱ्या मार्गाचे आकडे देऊन उपकरणाची चाचणी घेतलीच गेली नव्हती, ही मोठी चूक होती. पण मंडळाच्या शिफारशींत एक अशी आहे, की कारणे देणाऱ्या दस्तऐवजांकडे आज्ञावलीइतकेच लक्ष द्यावे आणि दोन्ही एकमेकांशी जुळते राहतील असे पाहावे. गणेश दैवज्ञांना ही शिफारस वाचून नवल वाटले नसते!

ही आज्ञावली ज्या भाषेत लिहिली होती तिचे नाव ‘एडा’. टिपांनी मूळ लेखाला मागे टाकणाऱ्या एडा लव्हलेस यांच्या स्मरणार्थ ठेवलेले. क्लस्टरचे चार उपग्रह पुन्हा बांधावे लागले आणि २००० साली दोन उड्डाणांत ते अवकाशात गेले.

वर्गात काय करता येईल?

आता पुन्हा त्या नववीच्या मुलाकडे वळू. त्याच्या कोऱ्या जागेत काय लिहायला हवे होते? वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे असते. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला तर सरासरी ३६५.२५ होते, म्हणजे थोडी जास्त. म्हणून १५८२ सालच्या ग्रेगरी सुधारणेत ४०० वर्षांतून तीन लीप दिवस गाळले आणि सरासरी ३६५.२४२५ वर आणली. त्यामुळे १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते. एवढे सगळे टिपेत नको. ‘चारच्या नियमाने वर्ष किंचित मोठे होते, ती चूक भरून काढण्यासाठी शतकवर्षे वगळली, ४०० ची ठेवली’ एवढे एक वाक्य पुरे. पण ते लिहिण्यासाठी मुलाला भूगोलाच्या शिक्षकांकडे जावे लागले असते, आणि ते त्याच्या फायद्याचेच झाले असते.

शिक्षकांनी करून पाहण्याजोग्या तीन गोष्टी सुचवतो. पहिली, आज्ञावली लिहून झाल्यावर टिपा लिहायला सांगू नका, आधी सांगा. काय करायचे आहे आणि का, हे चार ओळींत मराठीत लिहा, मग त्यांच्यामध्ये आज्ञा भरा. आजच्या बहुतेक भाषांत टीप देवनागरीत लिहिता येते. विचार मराठीत असेल तर टीपही मराठीत असायला हरकत नाही.

दुसरी, मुलांनी लिहिलेल्या आज्ञावल्या दोन-तीन महिने कपाटात ठेवा आणि नंतर अदलाबदल करून वाटा. दुसऱ्याच्या आज्ञावलीत एक छोटा बदल करायला सांगा. टिपेची किंमत त्या तासाला कळते, ती गुण देऊन कळत नाही.

तिसरी, शिळ्या टिपा शोधायला सांगा. व्याजाचा दर आज्ञेत ८ टक्के केला आणि टिपेत ७ च राहिला, असे हमखास घडते. एडाच्या तक्त्यात सूचना चुकली आणि अर्थ बरोबर राहिला. आपल्याकडे उलटही घडू शकते. संगणक दोन्हींची तुलना करणार नाही, कारण टीप तो वगळतो. ती तुलना माणसालाच करावी लागते. म्हणून आज्ञा बदलली की त्याच बैठकीत टीपही बदलायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावायला हवी.

आणि गुण द्यायचेच असतील तर टिपा मोजून देऊ नयेत. प्रत्येक आज्ञावलीत एक तरी अशी ओळ असते, जी पाहून वाचक ‘हे असे का?’ असे विचारील. ती ओळ विद्यार्थ्याला सापडली का, आणि तिच्याशेजारी त्याने कारण लिहिले का, एवढे पाहावे. त्या दिवशी त्या मुलाला मी पाचपैकी दोन गुण दिले. आज वाटते, ती कोरी जागा त्याने लपवली नाही आणि आपल्याला ‘का’ माहीत नाही हे सरळ सांगितले, याचा एक गुण तरी वाढवायला हवा होता.